चादरीतला व्हीसीआर

कृष्णकांत बेलसऱ्यांना राग यायला कारण लागत नाही, असं त्यांची बायको शैलजा म्हणायची. हा त्यांच्यावर अन्याय होता. कारण लागायचं; फक्त ते त्यांना कुठेही सापडायचं. वर्गात एखाद्याने ग्रॅनाइटला संगमरवर म्हटलं, दूधवाल्याने एकाऐवजी दोनदा घंटी वाजवली, चंदीगडला येऊन इतकी वर्षं झाली तरी विद्यापीठाच्या पगारपत्रकात 'बेलसरे'चं 'बेलसारी' झालं, की सरांच्या कानाच्या पाळ्या तांबड्या व्हायच्या आणि घरातली माणसं आपापल्या कामाला लागायची. सर मूळचे वाईचे, भूगर्भशास्त्राचे रीडर, वय पन्नाशीच्या उंबरठ्यावर. आयुष्यात दगडांशी मात्र त्यांचं कधी भांडण झालं नव्हतं.

पण खरा, आतून पेटलेला, आठवडाभर न विझणारा राग त्यांना एकाच गोष्टीचा यायचा. हेरकथेचा शेवट कुणी आधी सांगितला तर.

हेरकथा हे सरांचं एकुलतं एक व्यसन. ज्या वयात आणि ज्या हुद्द्यावर माणसाने उपनिषदांकडे वळावं, त्या वयात हा गृहस्थ पिस्तुलाची चित्रं असलेली पुस्तकं वर्तमानपत्राचं कव्हर घालून वाचायचा. शैलजा सरकारी दवाखान्यात मेडिकल ऑफिसर होती, आणि या पुस्तकांमुळेच नवऱ्याचं डोकं तापतं असं तिचं निदान होतं. निदान साफ चुकलेलं होतं. चोवीस तासांत सरांचं डोकं थंड असायचं ते याच पानांवर. परक्या देशातली धुक्याची राजधानी, कुबट कचेरी, आणि आपल्यातलाच कुणीतरी शत्रूला गुपितं विकतोय हे ओळखलेला एक थकलेला कारकुनी हेर. सरांच्या मते अस्सल हेर दमेकरी असावा, त्याचा कोट जुना असावा आणि त्याचा वरिष्ठ मूर्ख असावा. यातल्या तिसऱ्या अटीपाशी त्यांना स्वतःचा विभागप्रमुख दिसायचा आणि कथा फार जिवंत वाटायची.

या व्यसनात त्यांना एक भागीदार होता. शेजारच्या क्वार्टरमधले प्रीतपालसिंग सोढी. रसायनशास्त्र शिकवून गेल्या वर्षी निवृत्त झाले होते आणि क्वार्टर सोडायची मुदत वाढवून घेऊन राहत होते. बायको वारलेली, मुलगा कॅनडात. तरुणपणी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत काही वर्षं काढल्यामुळे त्यांना मराठी येत होतं. व्याकरणातलं लिंग सोडून सगळं मराठी ते शिकले होते. कृष्णकांतशी ते हट्टाने मराठीतच बोलत. त्यांची आवड मात्र वेगळी. त्यांच्या हेराने गच्चीवरून उडी मारलीच पाहिजे, आणि खलनायकाचा एक डोळा काचेचा असलाच पाहिजे. यावर दोघांची रोज संध्याकाळी फिरताना हमरीतुमरी व्हायची.

पंधरा सेक्टरच्या जुन्या पुस्तकवाल्याकडून दोघांत मिळून एक पुस्तक यायचं. जो आधी वाचेल त्याने शेवट सांगायचा नाही, एवढंच नाही, तर चेहऱ्यावरही दाखवायचा नाही, असा कडक नियम होता. एकदा कृष्णकांतनी एका पात्राचं नाव घेतल्यावर सोढी नुसतं "हं" म्हणाले होते. त्या 'हं'पायी सरांनी आठवडाभर त्यांच्याशी अबोला धरला होता.

पंजाब पेटलेला होता, दिवस वाईट होते. चौकाचौकांत वाळूच्या पोत्यांच्या भिंती होत्या, संध्याकाळी लवकर दुकानं बंद व्हायची, कधी संचारबंदी लागायची. सकाळच्या पेपरात अमुक गावी इतके ठार आणि मारणारे 'अज्ञात इसम', हे रोजचं. हेरकथेत निदान शेवटच्या प्रकरणात कुणीतरी खुर्चीत बसून कुणी केलं आणि का केलं ते सांगतं. पेपरातले इसम अज्ञात ते अज्ञातच राहायचे. सोढी पेपर उपडा घालायचे आणि म्हणायचे, "कृष्णकांत, नवीन पुस्तक कुठे ठेवला?"

अशात बावीस सेक्टरच्या व्हिडिओवाल्याकडे एका सिनेमाची कॅसेट आली. बर्लिनमधली गोष्ट, भिंतीच्या अलीकडे-पलीकडे जाणारा हेर, आणि कचेरीत लपलेला फितूर. दोघांनी तो सिनेमा येणार म्हणून कधीपासून कान टवकारले होते. बेत अगदी साधा होता. रविवारी सकाळी व्हीसीआर भाड्याने आणायचा, दारं-खिडक्या लावायच्या आणि दोघांनी, फक्त दोघांनी, सिनेमा बघायचा. शैलजेला यात रस नव्हता. आठवीतली उल्का म्हणाली, "पापा, स्पाय मूवीज बोरिंग होती हैं." सरांनी तिला मराठीत बोल म्हणून दटावलं. ती मराठीत "बरं" म्हणाली आणि बाहेर जाऊन ही बातमी हिंदीत सगळ्या गल्लीला सांगून आली.

संध्याकाळी समोरचे खन्ना आले. हे विद्यापीठाचे निवृत्त असिस्टंट रजिस्ट्रार. माणूस बोलायला लागला की त्यातून कलमं आणि पोटकलमं गळायची. गल्लीतला एकमेव फोन त्यांच्या घरी असल्यामुळे त्यांच्या कलमांना मान होता.

"पहली बात, बेलसारी साहब," खन्ना खुर्चीत रुतत म्हणाले, "स्कूटरवर दोन पुरुष बसायला सध्या मनाई आहे."

"ती गेल्या महिन्यात उठली," कृष्णकांत म्हणाले.

"उठली असं आपण समजतो. उठल्याचं परिपत्रक कुणी पाहिलंय? दुसरी बात, रिक्षाने आणा. तिसरी, रिक्षात हादरे बसून मशीनचं हेड खराब होतं, म्हणून स्कूटरनेच आणा, पण मांडीवर धरून."

"मग मांडी कुणाची? तुम्ही तर दोन माणसं नकोत म्हणताय."

"ते तुम्ही बघा," खन्ना म्हणाले. "आम्ही सगळे दोन वाजता येतो."

'सगळे' या शब्दावर सरांच्या कानाच्या पाळ्या पेटल्या. तेवढ्यात पलीकडच्या भारद्वाज भाभी भिंतीवरून डोकावल्या. व्हीसीआर उघडा आणू नका, त्या म्हणाल्या, दिसला तर सगळा कॅम्पस लोटेल. चादरीत गुंडाळून आणा. आणि हो, त्यांच्या सासूबाईंना देवाधर्माचं काहीतरी दाखवायला हवं, तेव्हा सोबत ती एक कॅसेटही घेऊन या. रात्रीपर्यंत सरांच्या दोन माणसांच्या सिनेमाला तेरा प्रेक्षक, एक पौराणिक कॅसेट आणि बाहेरून आणायचे सामोसे चिकटले होते. शैलजेनेच तेवढा सल्ला दिला नाही. ती म्हणाली, "बघायचाय तर बघा बापडे, फक्त वाटेत कुणाशी भांडू नका."

रविवारी सकाळी दोघे निघाले. सोढींनी पांढरीशुभ्र दाढी नीट बांधली होती, डोक्यावर करड्या रंगाची पगडी. जाताना काहीच झालं नाही. व्हिडिओवाल्याने मशीन दिलं, वायरी दिल्या, कॅसेटी दिल्या. भाभींची सूचना नको म्हणता म्हणता शैलजेची पोपटांची निळी चादर बरोबर आली होती, तीत सगळं बांधलं. सोढी मागे बसून गाठोडं मांडीवर घेऊन होते. गाठ घाईत बांधल्यामुळे एका बाजूने दोन काळ्या वायरी लोंबत होत्या. हे दृश्य त्या वर्षांत त्या शहरात कसं दिसत असेल याचा विचार, हेरकथांत उभी हयात घालवलेल्या या दोघांपैकी एकालाही सुचला नाही.

पंधरा सेक्टरच्या अलीकडच्या चौकात नाका होता. पोत्यांच्या भिंतीमागून एका जवानाने हात केला. स्कूटर थांबली. जवानाने कृष्णकांतकडे पाहिलंच नाही. तो थेट मागे गेला.

"चादर में क्या है?"

"व्हीसीआर है जी," सोढी म्हणाले.

"उतरो. नीचे रखो. धीरे से."

सोढी उतरायला लागले. तसं सोपं होतं. गाठोडं ठेवलं असतं, गाठ सोडली असती, मशीन दिसलं असतं. पण गाठोडं मांडीवर घेऊन उतरताना सोढींना त्रास होत होता आणि जवान मदत करण्याऐवजी बंदुकीची नळी रोखून उभा होता. मागून आलेल्या तीन गाड्या न थांबता निघून गेल्या होत्या, त्यातल्या एकात तर ट्रंकाच ट्रंका होत्या. हे सरांनी पाहिलं. विद्यापीठाचा निवृत्त प्राध्यापक, वय साठीपार, आणि त्याला अशी वागणूक. सरांची हिंदी रागात नेहमी वाईमार्गे यायची.

"अरे, आपको दिखता नहीं क्या? हम शिक्षक लोग है," ते कडाडले. "व्हीसीआर बोला तो व्हीसीआर है. बॉम्ब है क्या इसमें?"

तो एक शब्द चौकात पडला आणि सगळं बदललं. पोत्यांमागे खटाखट आवाज झाले. शिट्टी वाजली. भाजीची गाडी ढकलणारा गाडी टाकून पळाला. गाठोडं रस्त्याच्या मधोमध ठेवायला लावलं, दोघांना हात वर करून झाडाखाली नेलं. ज्याने तो शब्द उच्चारला होता त्याचे खिसे एकदाच चाचपले. ज्याने 'जी' म्हटलं होतं त्याचे तीनदा, आणि पगडीही उतरवायला सांगितली. सोढींनी ती स्वतःच्या हातांनी उतरवली, उलगडून दाखवली आणि पुन्हा बांधायला लागले. आरसा नव्हता. गुंडाळ्या नीट बसत नव्हत्या.

"यांचा बाप..." कृष्णकांत दातांत म्हणाले.

"गप बस," सोढी मराठीत म्हणाले. "एक पण शब्द बोलू नको."

"ए," जवान ओरडला, "कोड में बात नहीं."

"ये मराठी है," सर म्हणाले. "संविधान में लिखी हुई भाषा है."

"सरदार मराठी बोलता है?" जवानाला हे कुठल्याही स्फोटकापेक्षा जास्त संशयास्पद वाटलं, आणि न्यायाने बोलायचं तर त्याच्या जागी सर असते आणि हातात पुस्तक असतं, तर त्यांनाही वाटलं असतं.

बऱ्याच वेळाने कुत्रं आलं. कुत्र्याने गाठोड्याभोवती एक फेरी मारली, पोपटांचा वास घेतला आणि चादरीवर अंग टाकलं. मशीन निर्दोष सुटलं. पण कॅसेटी होत्या. त्या काळात भडकाऊ भाषणांच्या कॅसेटी गुपचूप फिरत, त्यामुळे आत काय आहे ते बघावं लागेल, असं ठरलं. वरात पोलीस ठाण्यात गेली.

ठाणेदार सर्दीने बेजार झालेला, गोड बोलणारा माणूस होता. "आइए, प्रोफेसर साहब," तो कृष्णकांतना म्हणाला आणि खुर्ची पुढे केली. चहा आला. महाराष्ट्रातले का, छान, शांत लोक, असं म्हणाला. सरांना सकाळपासून पहिल्यांदा कुणी माणसासारखं वागवत होतं. त्यांनी चहा घेतला, आपण रीडर आहोत आणि लवकरच प्रोफेसर होऊ हे सांगितलं, आणि अर्धा कप झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की सोढी इथे नाहीत. ते बाहेर व्हरांड्यात, भिंतीला लावलेल्या बाकावर होते. त्यांना चहा नव्हता. सरांनी कप तसाच ठेवला, बाहेर जाऊन बाकावर बसले आणि बराच वेळ सोढींच्या चेहऱ्याकडे पाहायचं टाळलं. तो उरलेला अर्धा कप त्यांना पुढे कित्येक दिवस छळत राहिला.

आत ठाण्याच्या टीव्हीला त्यांचाच व्हीसीआर जोडला गेला. भारद्वाजांच्या सासूबाईंची पौराणिक कॅसेट थोडीशी पाहून, हात जोडून, बाजूला ठेवण्यात आली. मग बर्लिनची कॅसेट लागली. तपासणीसाठी सुरुवातीचं थोडं पाहिलं असतं तरी चाललं असतं. पण दार लोटलं गेलं, आतून खुर्च्या सरकल्याचे आवाज आले, मुन्शी आपली वही मिटून आत गेला, पहाऱ्यावरचा शिपाई उंबऱ्यात जाऊन उभा राहिला, आणि संगीत सुरू झालं.

ज्या सिनेमासाठी या दोन माणसांनी इतकी वाट पाहिली, तो आठ हातांवर, दाराच्या पलीकडे चालू होता. ऐकू येत होतं सगळं. बुटांचे आवाज, गाडीचा दरवाजा, एक बाई जर्मनमध्ये रडतेय, मग गोळी. कृष्णकांतनी कानांवर हात ठेवले. शेवट ऐकू आला असता तर?

दार उघडलं. ठाणेदार नाक पुसत बाहेर आला. "प्रोफेसर साहब, अंग्रेजी बहुत तेज बोलते हैं. ये जो चश्मेवाला है, ये इनका है या उनका?"

सरांनी त्याच्याकडे असं पाहिलं की ग्रॅनाइट वितळावा. पण व्यसन ते व्यसन. "चष्मेवाला कशावर बोलत होता?" त्यांनी विचारलं.

"कुठल्यातरी फायलीवर. फाइल सापडत नाही म्हणत होता."

"फाइल कुणी मागितली होती? त्याने का त्याच्या साहेबाने?"

"साहेबाने."

"मग चष्मेवालाच," सर म्हणाले. "फाइल त्यानेच लपवलेली आहे. जो फाइल हरवल्याचं आधी सांगतो, तो फितूर."

"मला नाही वाटत," सोढी बाकाच्या टोकावरून म्हणाले. "चश्मेवाला फार लवकर दिसला. एवढा लवकर दिसला म्हणजे तो नाही."

ठाणेदाराने सोढींकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं, आणि आत गेला. त्यानंतर तो आणखी दोनदा आला आणि दोन्ही वेळा प्रश्न कृष्णकांतना विचारले. सर दाराआडून आलेल्या आवाजांवरून, न पाहिलेल्या सिनेमाचं कथानक ठाण्याला समजावून सांगत होते. रागाने त्यांचा आवाज थरथरत होता आणि तरी एकही दुवा सुटत नव्हता.

अखेर संगीत वाढलं आणि थांबलं. ठाणेदार बाहेर आला. त्याच्या चेहऱ्यावर समाधान होतं. "कमाल की पिक्चर है," तो म्हणाला. "मगर आप गलत थे. चश्मेवाला नहीं था. उसकी सेक्रेटरी थी, बूढ़ी वाली. आखिर में खुद को..."

"बस," कृष्णकांत म्हणाले. "बस करा."

"ठीक है. कॅसेट साफ आहे, मशीन साफ आहे. आपण जाऊ शकता."

सर उठले. सोढीही उठले.

"ते नाही," ठाणेदार तितक्याच गोडीने म्हणाला. "सरदारजींचं व्हेरिफिकेशन व्हायचंय. ओळखपत्र नाही त्यांच्याकडे."

"ते रिटायर झालेत. ओळखपत्र विद्यापीठाने परत घेतलं. मी ओळखतो त्यांना. मी सही करतो."

"आपण गॅझेटेड आहात?"

"मी रीडर आहे."

"विद्यापीठ म्हणजे स्वायत्त संस्था झाली ना," ठाणेदार हळहळत म्हणाला. "सरकारी गॅझेटेड अधिकाऱ्याची सही लागते. नाहीतर उद्या रजिस्ट्रारचं पत्र. आज रविवार."

यानंतर कृष्णकांत बेलसऱ्यांनी टेबलावर जी मूठ आपटली तिने दौत उडाली. बॉम्ब हा शब्द मी उच्चारला, ते ओरडले. स्कूटर माझी, व्हीसीआर माझ्या नावावर, चादर माझ्या बायकोची, कोडही माझाच. मला का सोडता? मला आत टाका. कोणत्या कलमाखाली मला चहा आणि त्यांना बाक, ते मला लिहून द्या. ठाणेदार शांतपणे ऐकत होता, जसा माणूस दुसऱ्याच्या घरातला रेडिओ ऐकतो. मुन्शीने शाई टिपली.

"कृष्णकांत," सोढी व्हरांड्यातून म्हणाले, "खन्नाला फोन कर."

फोन केला. खन्नांचं म्हणणं असं पडलं, की पहिली बात, निवृत्त माणसाची सही चालत नाही. दुसरी, त्यांचा गुडघा दुखतोय. तिसरी, अशा प्रकरणात नाव येणं बरं नव्हे, आपण समजू शकता. मात्र व्हीसीआर सुटला ना, आणि दोन वाजता कार्यक्रम आहे ना, एवढं त्यांनी आवर्जून विचारलं. शैलजेला निरोप द्या, असं सरांनी सांगितलं. खन्नांनी तो भारद्वाज भाभींना दिला. भाभींनी तो गल्लीच्या टोकापासून द्यायला सुरुवात केली, त्यामुळे शैलजेपर्यंत पोचला तेव्हा तो 'बेलसारी साहब बॉम्बसकट पकडले गेले' असा झाला होता.

शैलजा सायकलरिक्षाने आली. हातात पर्स, पर्समध्ये दवाखान्याचा शिक्का. तिने नवऱ्याच्या तांबड्या कानांकडे पाहिलं, बाकावरच्या सोढींच्या वाकड्या बांधलेल्या पगडीकडे पाहिलं, आणि कुणालाही काही विचारलं नाही. "कुठे सही करायची?" एवढंच म्हणाली. सरकारी दवाखान्याची मेडिकल ऑफिसर, गॅझेटेड. तिने हमीपत्रावर सही केली, शिक्का उमटवला आणि ठाणेदाराला म्हणाली, "वाफ घ्या दिवसातून दोनदा. आणि कॅसेट रिवाइंड केलीत का?"

केली नव्हती. मुन्शीने करून दिली.

बाहेर पडल्यावर सोढी म्हणाले, मी स्कूटरवर नाही येत. ते शैलजेबरोबर रिक्षातून गेले, गाठोडं तिच्या मांडीवर. मागून एकटे स्कूटरवर येताना कृष्णकांतनी मनातल्या मनात तक्रार अर्ज लिहिला, वरिष्ठ पोलीस अधीक्षकांना, प्रत राज्यपालांना, प्रत वर्तमानपत्राला. घर येईपर्यंत त्याचा चौथा परिच्छेद झाला होता. ते तडक सोढींच्या क्वार्टरमध्ये शिरले. सोढी स्वयंपाकघरात पाणी पीत उभे होते.

"उद्या सकाळी आपण दोघं जायचं," सर म्हणाले. "मी लिहितो, तुम्ही सही करा. यांना असं सोडायचं नाही. तुम्ही इतके गप्प कसे बसलात तेच मला कळत नाही. एक शब्द बोलला नाहीत. मला तुमचासुद्धा राग आलाय, खरं सांगतो."

सोढींनी भांडं पालथं घातलं.

"बॉम्ब कोण बोलला?" त्यांनी विचारलं.

सरांचा हात कानाच्या पाळीकडे गेला.

"तू बोलला. पगडी कुणाची उतरली?" सोढींचा आवाज चढला नव्हता. "राग मला पण येते, कृष्णकांत. रोज येते. पण तुझा राग म्हणजे प्रोफेसरचा राग. ठाणेदार ऐकते, चहा देते. माझा राग म्हणजे पुरावा. मी टेबल आपटला असता तर मी आता इथे पाणी पीत असतो काय?"

आयुष्यात आजवर कृष्णकांतना रागावर नेहमी आणखी राग सुचत आला होता.

"अर्ज लिहू नको," सोढी म्हणाले. "अर्जात माझा नाव येईल. तू वाईला जाशील, मी इथेच आहे. माझी बहीण तिकडे पंजाबात बटाल्याला आहे, तिची पोरं आहेत. जा आता. सिनेमा बघ."

"तुमच्याशिवाय?"

"मला नाही बघायचा."

घरी आल्यावर सरांना दिसलं की पंखा जोरात फिरतोय, सतरंजी अंथरलीय, भारद्वाजांच्या सासूबाई माळ घेऊन पुढे बसल्यात आणि सरांच्या स्वतःच्या वेताच्या खुर्चीत खन्ना आहेत. उल्काने व्हीसीआर जोडून ठेवला होता. "आप ही का इंतजार था," खन्ना म्हणाले, आणि ठाण्यात काय घडलं ते पहिल्यापासून ऐकायला पुढे सरकले. कुणीतरी सामोशाची बशी सरांच्या हातात दिली. सर्वांना एका दमात घराबाहेर काढण्याचं एक वाक्य त्यांच्या ओठांवर तयार होतं, व्याकरणशुद्ध हिंदीत, आयुष्यात पहिल्यांदा. शैलजेने स्वयंपाकघराच्या दारातून मान हलवली. सरांनी वाक्य गिळलं. ते भिंतीला टेकून सतरंजीवर बसले. पौराणिक कॅसेट लागली. देव प्रकट झाले, अंतर्धान पावले, सासूबाईंचे डोळे भरून आले. सर समोरच्या भिंतीकडे बघत होते.

ती संपली आणि बर्लिनची कॅसेट आत सरकवली, तेव्हा दार वाजलं. सोढी आले होते. निळी पगडी, नीट बांधलेली. खोलीत एकदम कुजबूज थांबली. कुणी सरकलं नाही; सरकायचं कुणाला सुचलं नाही. सोढी सतरंजीवर कृष्णकांतच्या शेजारी बसले.

"सेक्रेटरी आहे ना ती? म्हातारी?" ते हळूच म्हणाले.

"हो."

"मी बोललो होतो, चश्मेवाला नाही."

"बोलला होतात," कृष्णकांत म्हणाले. हरल्याचं त्यांनी पहिल्यांदाच इतक्या मुकाट्याने कबूल केलं.

सिनेमा सुरू झाला. शेवट ठाऊक असलेली हेरकथा म्हणजे मीठ विसरलेली आमटी, असं सरांचं मत होतं. पण दोघे बघत राहिले. धुकं होतं, जुना कोट होता, वरिष्ठ मूर्ख होता. मग भिंत आली. काटेरी तारा, पोत्यांच्या राशी, मनोऱ्यावर दिवा. हेराची गाडी हळूहळू नाक्याशी येते. त्याच्या खिशात खोटं पारपत्र आहे, डिकीत लपवलेला माणूस आहे, सीटखाली पिस्तूल आहे. पहारेकरी खिडकीशी वाकतो. कागद पाहतो, चेहरा पाहतो, पुन्हा कागद पाहतो. पहारेकऱ्याने टाचा जुळवल्या आणि कडक सलाम ठोकला. गाडी पुढे गेली.

सोढी हसायला लागले.

आधी बारीक, मग खांदे हलायला लागले, मग त्यांना बसवेना. पुढ्यातली सामोशाची बशी त्यांनी बाजूला ठेवली. "त्याच्याकडे पिस्तूल आहे," ते कसेबसे म्हणाले, "माणूस पण आहे मागे. आणि तो सलाम करते. कृष्णकांत, परत लाव. तो सलाम परत लाव."

कृष्णकांत गुडघ्यांवर रांगत व्हीसीआरपाशी गेले आणि बटण दाबलं. गाडी उलटी नाक्यावर आली, थांबली, पहारेकरी वाकला. कागद, चेहरा, कागद. टाचा, सलाम. या खेपेला उल्काही हसली, आणि शैलजा पदराला हात पुसत दाराशी येऊन उभी राहिली.

"अजून एकदा," सोढी म्हणाले. डोळे पुसायला त्यांच्याकडे रुमाल नव्हता. शैलजेने पदरच पुढे केला आणि त्यांनी तो घेतला.

तिसऱ्या सलामानंतर खन्ना खाकरले. "सोढी साहब, पहली बात, हमें आगे भी देखना है."

"ज्यांना घाई असेल," कृष्णकांत मागे न पाहता म्हणाले, "त्यांनी घरी जावं."

हे मराठीत होतं, पण खोलीत सगळ्यांना कळलं. भारद्वाजांच्या सासूबाईंनी माळ थांबवली. खन्ना थोडा वेळ कुणी 'बसा' म्हणतंय का याची वाट बघत राहिले, मग उठून चपला शोधायला लागले. कृष्णकांत त्यांना पोचवायला उठले नाहीत. त्यांचा अंगठा बटणावर होता, पडद्यावर गाडी पुन्हा उलटी नाक्याकडे येत होती, आणि त्यांच्या शेजारी येऊन बसलेले सोढी त्या पहारेकऱ्याच्या टाचांची वाट पाहत होते.